पेज कुठे जाते

रस्सा वाटीत ओतल्यावर तर्री लगेच वर येत नाही. आधी सगळा एकजीव विटकरी रंग असतो. मग कडेला एक चकाकणारी रेघ उमटते, तिचे ठिपके होतात, ठिपके एकमेकांत मिसळतात आणि शेवटी वाटीभर लाल पडदा पसरतो. पोळ्याच्या दिवशी रंजीताने हे घड्याळ लावून पाहिले होते: सत्तर सेकंद. आज, दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेच्या दिवशी, त्याच चुलीपाशी, तेवढ्याच वाटीत पंचवीस सेकंदांत तेल वर आले; आणि पडदा काही झाला नाही. वाटाण्याएवढे सात ठिपके तेवढे वेगवेगळे तरंगत राहिले.

"काय पाहून राह्यली वं?" रुखमाबाईने लेकीला विचारले.

"तू तांदळाचं पीठ नाई टाकलं."

"न चाखता कसं समजलं?"

"पिठानं रस्सा दाट होते, तेल अडकून राह्यते. पातळ असला का पटकन वर येते."

"एवढं शिकून एवढंच?" रुखमाबाईने पळी झटकली. "आमी बोट बुडवतो आन् चाटतो. घड्याळ लागत नाई."

रंजीता चंद्रपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती, आणि आईचे असे बोलणे ती गेली वीस वर्षे ऐकत आली होती. तिने वाटी खाली ठेवली आणि वहीत पंचवीस लिहिले.

पोळ्याला तिच्या वडिलांची, मुखरू बोरकुटेंची, तीन महिन्यांची साखर नऊ पूर्णांक आठ निघाली होती. सिंदेवाहीच्या डॉक्टरांनी सांगितले की आता नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, सुई सुरू करू. मुखरूंनी दवाखान्यातच हात वर केला. तरुणपणी त्यांनी झाडीपट्टीच्या नाटकांत अकरा वर्षे खलनायक केला होता, आणि अजूनही महत्त्वाचे काही बोलायचे असले की ते मंडपातल्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत.

"डॉक्टरसाहेब, मंडईपर्यंत मुदत द्या! साडेसातच्या खाली नाई आनली, त मी सुई टोचून घेईन, आन् घराले कुलूप लावून पोराकडे बल्लारपूरले जाईन!"

कुलपाबद्दल कोणी विचारलेच नव्हते. संवाद वजनदार व्हावा म्हणून ते त्यांनी आपल्या मनाने जोडले. डॉक्टर हसले, गोळ्या वाढवून दिल्या आणि तीन महिने दिले. पण मुलगा धनराज तिथेच उभा होता आणि त्याने कुलूप तेवढे बरोबर लक्षात ठेवले. बल्लारपूरला कागद कारखान्यात त्याची पाळीची नोकरी होती, तीन खोल्यांचे घर होते. महिनाभरात त्याने मागची खोली रंगवूनही घेतली. रुखमाबाईला या सगळ्यात कोणी काही विचारले नाही.

पथ्य ठरवायचे काम रंजीताकडे आले. पाटोडीचा रस्सा बंद होणार असे सगळ्यांनी धरले होते. बोरकुटेंच्या घरी दर बुधवारी आणि प्रत्येक सणाला तो होत असे. मुखरूंच्या आजीपासूनची रीत होती. रंजीताने तो बंद केला नाही. तिने त्याचे भाग पाडले. पाटोडीचे पीठ अर्धे चण्याचे, अर्धे घरच्या भातबांधीत पिकलेल्या लाखोळीच्या डाळीचे: त्यात तिला काही गैर दिसले नाही. भाजलेला कांदा, धने, दगडफूल, मिरची, सगळी निर्दोष. दोषी ठरले ते सोबती. दाटपणासाठी मूठभर तांदळाचे पीठ, चव बसण्यासाठी गुळाचा खडा, पाहुणे वाढले की पडणारे बटाटे, पळीभर तेल, आणि ज्याच्यावर हे सगळे ओतायचे तो भाताचा ढीग. पीठ, गूळ, बटाटे बाहेर. तेल तीन चमचे. भात पेज काढून, आणि एका वाटीत आतून मारलेल्या रेघेपर्यंत. ती रेघ धनराजच्या बायकोने, मयुरीने, आपल्या गुलाबी नेलपॉलिशने मारून दिली.

"आलं!" बाहेरून धनराजचा आवाज आला.

चिखलबोडी गावात मोबाईलला रेंज फक्त गोठ्याच्या भिंतीवर चढले की मिळते. कालच्या रक्ताचा अहवाल प्रयोगशाळा आज पाठवणार होती, म्हणून धनराज सकाळपासून तीनदा भिंतीवर चढला होता. आता तो तिथेच उभा होता, फोन डोळ्यांजवळ धरून. खाली खाटेवर मुखरू डोळे मिटून बसले होते. मयुरी ओसरीच्या खांबाला टेकली होती.

"वाच ना गा," मुखरू म्हणाले. "का मी मेल्यावर वाचतं?"

"सात पूर्णांक दोन."

मुखरू उठले. खांद्यावरचा दुपट्टा त्यांनी सरळ केला आणि रस्त्याकडे तोंड करून घोषणा केली, "गावकरी हो! साखर हारली!"

रस्त्यावर एक बकरी होती. तिने पाहिले.

"बाबा, अजून सात आहे," रंजीता दारातून म्हणाली. "हारली नाई, मांग सरकली. पथ्य चालूच राह्यते."

"राहू दे ना! पन कुलूप?"

धनराज भिंतीवरून उतरत होता. "नाई लागत," तो म्हणाला आणि हात झटकले. "जितले तुमी."

स्वयंपाकघरात रुखमाबाईने पळी रस्स्यात तशीच सोडली आणि क्षणभर डोळे मिटून घेतले.

*

भात शिजला होता. रुखमाबाईने भाताच्या गंजावर झाकण दाबून तो तिरपा केला आणि पेज खालच्या पातेल्यात पडू दिली. पांढरी, दाट, वाफाळती. रंजीताने सांगितले होते की पेज काढल्याने थोडा फरक पडतो, फार नाही. खरा फरक रेघेने पडतो. पण मुखरूंनी चौकात जाऊन पेज म्हणजे विष असे जाहीर केले होते, आणि शेजारची गुणाबाई तेव्हापासून आपल्या घरची पेज उकिरड्यावर ओतत होती. रुखमाबाईच्या हातून ते झाले नाही. तिच्या आईने पाच लेकरे पावसाळाभर पेजेवर काढली होती. तांदळाचे पाणी म्हणजे तांदूळच. तो ओतायचा कसा?

तिने पातेले चुलीच्या उबेला सरकवले.

"आई, मसाल्याचा डबा कुठी आहे?" मयुरीने विचारले. "ताकाले जिरं टाकतो."

"मी देतो," रुखमाबाई घाईने म्हणाली आणि डबा तिच्या आधी उचलला. जिरे काढून दिले, झाकण लावले, डबा आपल्या पाठीमागे ठेवला.

डब्यात खसखशीच्या वाटीखाली एक चिठ्ठी होती, सोळा घड्या घातलेली. आषाढात अंगणवाडीत बायांची तपासणी झाली तेव्हाची. नर्सने बोटाला टोचले, मशीनकडे पाहिले, आणि चिठ्ठीवर लिहिले: दोनशे अडुसष्ट. खाली: पुन्हा तपासणी करावी. "काकी, चंद्रपूरले लेकीकडे जा आन् नीट दाखवा," असे ती म्हणालीसुद्धा होती.

भाताचा रोवणा झाला की जाऊ, असे रुखमाबाईने ठरवले होते. रोवणा झाला. मग पोळा झाला की. पोळ्याला कुलपाचा तो संवाद झाला, आणि त्यानंतर चिठ्ठी दाखवण्यासारखी राहिलीच नाही. घरात एक माणूस पथ्यावर असले तर दुसरे त्याचे करते. दोघेही पथ्यावर बसले तर करणार कोण? मुले येतील, समजूतदारपणे बोलतील, भांडी पोत्यात भरतील. म्हणून मग मंडई झाली की. मंडई आज होती.

तसे तिच्याकडे स्वतःला द्यायला उत्तर होते. त्या दिवशी ती गूळ फोडून तशीच अंगणवाडीत गेली होती. मशीनने बोटाचा गूळ मोजला असेल. यंत्राला काय समजते, साखर आतली की बाहेरची?

"आई, तुमी किती पानी पेता वं?" मयुरी हसत म्हणाली. रुखमाबाईने तांब्या तोंडाला लावला होता. गेल्या अर्ध्या तासातला तिसरा.

"चुलीपाशी बसून पाह्य, मंग समजन. भद्रावतीच्या कॉलनीत गॅससमोर उभं राहून वाढली तू."

"गॅस बी गरमच असते, आई."

"असन. पन त्याले फुंकावं नाई लागत."

*

जेवायला ओसरीत पाने मांडली तेव्हा धनराज वडिलांच्या शेजारी बसला. हरलेल्या माणसाने जिंकलेल्याच्या शेजारी बसू नये, हे त्याला पहिल्या घासालाच कळले.

"कोन्ता रंग देल्ला होता खोलीले?" मुखरूंनी विचारले.

"आकाशी."

"चांगला आहे. बकऱ्या बांधजो. बकरीले आकाशी मानवते."

मयुरी वाढता वाढता हसली. धनराजने तिच्याकडे पाहिले. ती आपल्या बाजूची असायला हवी होती. पण मयुरी पोळ्यापासूनच कोणत्या बाजूची आहे ते त्याला कळले नव्हते. रंगाचा डबा आणायला ती सोबत आली होती, आणि गुलाबी रेघही तिनेच मारून दिली होती.

"मामाजी, भात दाबू नका," ती सासऱ्यांना म्हणाली.

मुखरूंचा अंगठा वाटीत होता. "रेघेच्या खालीच आहे."

"दाबून रेघेखाली बसवलं त ते दोन वाट्याचंच झालं ना."

"कायदा रेघेचा आहे. वजनाचा नाई."

"रंजीताबाईले सांगू का? थैलीत काटा आहे त्याईच्या."

"नको, नको." मुखरूंनी अंगठा काढला आणि चाटला. "जल्लाद बरा, मास्तरीन बेकार."

रंजीता समोर बसून ऐकत होती. तिने चमचा घेतला आणि वडिलांच्या वाटीतला भात हलवून मोकळा केला. तो रेघेच्या वर दोन बोटे आला. तिने वरचा काढून घेतला. मुखरूंनी छातीवर हात ठेवून, अकरा वर्षे ज्या तऱ्हेने ते तिसऱ्या अंकात मरत, त्या तऱ्हेने मान टाकली.

धनराजलाही हसू आले. रस्सा चांगला झाला होता. पातळ होता, पण पाटोडी तोंडात धरून ठेवावीशी होती, आणि जवसाच्या तेलाचा तो जुना वास मागाहून येत होता. वडिलांचे गाल उतरले होते, पण चेहऱ्यावर तरतरी होती. पोळ्याला ते दुपारभर पडून होते. आज सकाळी गावतळ्याच्या, बोडीच्या, बांधावरून दोन फेऱ्या मारून आले होते.

मग मला वाईट कशाचे वाटते आहे, असा प्रश्न त्याला पडला. कारखान्यात पाळीवर असताना गावाकडून फोन आला की फोन उचलण्याआधी तो गाडीची वेळ पाहायचा. तीन तास गाडीचे, वर स्टेशनपासून आठ किलोमीटर. कुलूप त्याला नको होते. दार जवळ हवे होते. हे त्याला नीट सांगता आले नाही, म्हणून त्याने खोली रंगवली.

"बाबा," तो म्हणाला, "तुमचं झालं चांगलं. पन मायची बी तब्येत..."

"तिले काय झालं? घोड्यावानी आहे." मुखरू आत तोंड करून ओरडले, "काऊन वं? बरी आहेस ना?"

"मले काय झालं?" आतून आवाज आला.

"पाह्य."

"आई, तुमी बी या ना बसाले," मयुरी म्हणाली.

"तुमचं होऊ द्या. मी मांगून बसतो."

हे ती त्रेचाळीस वर्षे म्हणत होती, आणि कोणाला त्यात उत्तर देण्यासारखे काही वाटत नसे.

*

रंजीता रस्सा घ्यायला आत गेली तेव्हा तिची आई चुलीकडे तोंड करून जेवत होती. "मांगून" म्हणजे सगळ्यांनंतर, असे रंजीता लहानपणापासून समजत आली होती. सगळ्यांच्या नकळत, असाही त्याचा अर्थ असेल, हे तिला आत्ता दिसले.

ताटात भात होता, चांगला उंच. त्याच्या शेजारी चार उकडलेले बटाटे मिठात लोळवलेले. ताटाच्या कडेला लिंबाएवढा गुळाचा खडा. आणि हातात ते पातेले, ज्यातून रुखमाबाई पेज पीत होती.

"माय, हे काय?"

"जेवन."

"हे आलू?"

"रस्स्यात टाकू नको, तूच सांगतलं. मंग घरच्या वाडीतले आलू काय बोडीत टाकू?"

"आन् गूळ?"

"दिवाळीचा आनून होता. तुह्या बापाले वर्ज्य आहे, डब्यात ठेवून मुंग्या चारू का?"

मागून मयुरी आली होती. ती ताटाकडे पाहत राहिली. मग सावकाश, जणू बाजाराची यादी तपासत असावी तशी, म्हणाली, "बाई, मामाजीच्या पानातून जे जे काढलं, ते सबन इथी आहे."

"रोज?" रंजीताने विचारले.

"रोज नाई तर काय सालातून एकडाव?" रुखमाबाईने पातेले खाली ठेवले. "तुमी काढून टाकाचं सांगता. कुठी टाकाचं ते कोनी सांगतलं नाई."

पहिल्या वर्षाच्या मुलांना रंजीता जी पहिली गोष्ट शिकवत असे ती हीच: एका भांड्यातून काढलेले द्रव्य नाहीसे होत नाही, दुसऱ्या भांड्यात सापडते. तेव्हा दुसरे भांडे तपासायला विसरू नका. तीन महिने तिने एकच भांडे तपासले होते. वहीची अठ्ठावीस पाने भरली होती, आणि त्यांत पेज काढली असे लिहिले होते, पेज कुठे गेली ते नव्हते.

तिने आईकडे पाहिले, आज पहिल्यांदा नीट. चोळीची बाही दंडावर ढिली झाली होती. तांब्या रिकामा होता. बसताना लुगड्याचा काठ वर सरकला होता आणि टाचेवर रुपयाएवढी जखम दिसत होती, कडा काळ्या, मध्ये ओली.

"हे कधी भाजलं?"

"कुठी?" रुखमाबाईने पाय वळवून पाहिले. "अवो बापा. चुलीतला इंगळ पडला असन."

"दुखत नाई?"

"दुखतं त पाह्यलं नसतं का?"

रंजीता बाहेर गेली, थैली घेऊन परत आली आणि साखर मोजायचे मशीन काढून पाटावर ठेवले. तिच्या मागे मुखरू दारात आले, हात अजून खरकटे. त्यांच्या खांद्यावरून धनराज डोकावत होता.

"आता कोनाची पाळी?" मुखरूंनी विचारले.

"मायची."

"तिची कायले? घोड्यावानी..." ते ताटापर्यंत आले आणि थांबले.

"माह्यं नको," रुखमाबाई म्हणाली. "ते मशीन खोटं सांगते. मागच्या खेपी बी मी गूळ फोडून गेलो होतो, बोटाले गूळ होता, मंग त्यानं..."

तिचा हात पाठीमागच्या डब्यावर गेला. 

"मागची खेप कवाची?" रंजीताने विचारले.

रुखमाबाईने मयुरीकडे पाहिले. तिथून काही मदत आली नाही. तिने पाठीमागचा डबा पुढे ओढला, खसखशीची वाटी उचलली आणि सोळा घड्यांची चिठ्ठी जमिनीवर ठेवली. कोणाच्या हातात दिली नाही. धनराजने ती उलगडली. उलगडायला वेळ लागला.

"आषाढ," तो म्हणाला. "आषाढापासून, माय?"

"रोवणा होता ना."

"रोवणा होऊन चार महिने झाले."

"मंग पोळा होता."

"गुळाचं खरं असू शकते," रंजीता म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. रुखमाबाईने सर्वांत आशेने. "बोटाले गोड असलं का मशीन चुकते. म्हनून आता साबनानं हात धू. दोन्ही. नखं बी."

मयुरीने पाणी ओतले. रुखमाबाईने हात धुतले, मग पुन्हा धुतले, आणि लुगड्याला पुसायला निघाली तेव्हा रंजीताने स्वच्छ रुमाल पुढे केला. टोचताना रुखमाबाईने मान फिरवली. मशीनने पाच सेकंद घेतले.

तीनशे चार.

"जेवताना घेतलं आहे," रंजीता म्हणाली. आवाज तिने वर्गात ठेवायची तसा सपाट ठेवला. "जेवनावर वाढतेच. पन एवढी नाई वाढत. उपाशीपोटी पुन्हा पाहा लागन, तीन महिन्याची बी काढा लागन. टाच बी उद्याच चंद्रपूरले डॉक्टरले दाखवू."

 आकाशी खोली या वेळी धनराजच्या तोंडून निघाली नाही. मयुरीने त्याच्या हातातून चिठ्ठी घेतली आणि आता तिच्या दोनच घड्या केल्या.

मुखरू उंबऱ्यावर बसले. त्यांनी पातेल्याकडे पाहिले, मग बटाट्यांकडे, मग आपल्या खरकट्या हाताकडे.

"मी पथ्य करत होतो," ते म्हणाले. "गावभर सांगत होतो."

"केलंच ना तुमी," रुखमाबाई म्हणाली. "सात आली."

"सात आली म्हनून बोंबललो मी. बकरीसमोर."

 मयुरीला हसू आवरले नाही, आणि तिच्या मागोमाग रुखमाबाईलाही. मुखरू मात्र तसेच बसून होते. त्यांनी धनराजकडे वळून न पाहता विचारले, अगदी हळू, शेजारच्यालाही कष्टाने ऐकू जावे असे, "खोलीचा रंग सुकला का रे?"

"कवाचाच सुकला."

"मंग आमी येतो. धान कापनी झाली का येतो. कुलूप मी लावतो माह्या हातानं. तिथी दवाखाना जवळ आहे, सूनबाई आहे. इथी हे चुलीपाशी बसली का कोन पाह्यते ते काय खाते त."

धनराज तीन महिने ज्या वाक्याची वाट पाहत होता ते हेच होते. आता ऐकल्यावर त्याने बहिणीकडे पाहिले. तिने मान किंचित हलवली: माझ्याकडे नको, तिच्याकडे पाहा.

रुखमाबाईने ताट बाजूला सारले. गुळाचा खडा उचलून मयुरीच्या हातात दिला. "गुणाबाईच्या लेकराईले देऊन दे." मग पातेले उचलले, त्यात डोकावले, आणि क्षणभर हातातच धरून ठेवले. "हे गाईले घाल. कोंड्याच्या आटवनात. उकिरड्यावर नाई."

"घालतो," मयुरी म्हणाली.

"आन् तुमी," ती नवऱ्याला म्हणाली, "कुलूप लावाले निघाले. एकडाव दवाखान्यात लावलं, एकडाव आता. मले कवा विचारलं?"

"तुह्यासाठीच म्हनून राह्यलो ना वं."

"माह्यासाठी म्हनता त माह्यासंग जेवत जा. एका वक्ताले, एका गंजातलं. तुमच्या पानात जे नाई ते माह्या बी पानात नाई."

"आन् तू चंद्रपूरले गेली त रस्सा कोन करन?"

"तुमी. बाप्या मानसाले जमते. पीठ ताटात थापाचं, सुरीनं कापाचं. खलनायकाले सुरी धराले येतेच."

मुखरूंच्या मिशीखाली काहीतरी हलले. धनराज पुढे झाला. "माय, मंग नक्की काय करू? तू सांग. मी आता काईच ठरवत नाई."

रुखमाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. टाच जमिनीला न लावता ती दारापर्यंत गेली. बाहेर अंगणात ऊन होते, मंडईला जाणारी पोरे रस्त्याने ओरडत चालली होती. ती चौघांकडे वळली.

"उद्या सकाळच्या गाडीनं मी रंजीतासंग चंद्रपूरले जाईन," ती म्हणाली. "रगत देईन. गोया देल्ल्या त गोया घेईन, सुई देल्ली त सुई घेईन. आन् परवा संध्याकाळी इथीच वापस येईन, माह्या घरी."